‘स्वेच्छेने’ या शब्दाची शिसारी

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. घाटकोपर स्टेशनजवळच्या गल्लीत माणिकभाऊंनी मला कोरले, तीनदा कागदावर उठवून पाहिले आणि म्हणाले, "झकास!" माझ्यावर दोनच शब्द आहेत: ‘स्वेच्छेने स्थलांतरित’. मला त्यांचा केवढा अभिमान होता! आता त्यांची शिसारी येते.

पालिकेच्या कचेरीत माझा एक जोडीदार आहे. त्याच्यावर ‘आपद्ग्रस्त’ कोरले आहे. तो अर्जावर उठला की माणसाला राहायला खोली मिळते. मी उठलो की अर्ज बासनात जातो.

आमची कचेरी दर उन्हाळ्यात टेकडीवरच्या घरांना नोटिसा चिकटवते: दरडीचा धोका आहे, घर रिकामे करा. कोणी मनावर घेत नाही. जाणार कुठे? यंदा सुंदराबाईंनी मात्र घेतले. हल्ली महिन्याचा पाऊस एका दिवसात कोसळतो, हे त्या बघत होत्या. भिंतीला चीर गेली तशी नातीला, प्रांजलला घेऊन त्या पायथ्याच्या बुद्धविहारात राहायला गेल्या. दुसऱ्याच दिवशी दरड आली आणि त्यांचे घर गाडले गेले. शेजारच्या काशीरामांना लोकांनी ढिगाऱ्यातून ओढून काढले, त्यांचा पाय मोडला होता.

काशीरामांच्या अर्जावर माझा जोडीदार उठला. योग्यच झाले. मग सुंदराबाई आल्या.

"मावशी, दरड पडली तेव्हा तुम्ही घरात होता?" यज्ञेश कारकुनाने विचारले.

"नाही ना. तुमचीच नोटीस वाचून आदल्या दिवशी निघाले."

"मग स्वतःहून निघालात. नियमात आपद्ग्रस्त म्हणजे त्या वेळी घरात असलेला माणूस. मी तरी काय करू?"

"पोरीला घेऊन गाडून घ्यायला हवं होतं का, साहेब?"

यज्ञेशने मला उचलले. मी अंग चोरले, अर्धवटच उठलो. त्याने मला शाईत घोळवून पुन्हा दाबले. एकूण एक अक्षर सुबक उठले. शी! स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

प्रांजलने अर्ज वाचला. "आजी, स्वेच्छेने म्हणजे गं?"

"म्हणजे आपल्याला हौस होती," सुंदराबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्यापैकी कोणीतरी नियम लिहील. जीव वाचवायला वेळेवर निघालेल्या माणसासाठी त्यात जागा ठेवा, आणि मला खुशाल कचऱ्यात टाका. पण लवकर करा. सुंदराबाईंची गत पाहून टेकडीवरच्या बाकीच्यांनी ठरवले आहे, दरड अंगावर येईपर्यंत घर सोडायचे नाही.