कडू झुडपाचा वास

सीनाच्या धाकट्या मुलाचं, फ्लूरचं, लग्न झालं ते साल. ईस्टर उलटल्यावर ग्रीता नवी नवरी होऊन दक्षिण आफ्रिकेतल्या कामीसच्या डोंगरात आली आणि आठवडाभरात तिनं सासूच्या घराभोवतीचं एकूण एक झुडूप हुंगून पाहिलं. थोरली सून ड्रीका चटयांनी शाकारलेल्या घराच्या दारात कॉफी ढवळत हे बघत होती. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ती ढवळतच होती.

दोघींची सासू सीना. अख्खी वस्ती तिला ऊमा म्हणे, म्हणजे आजी. डोंगरावरची करडी झुडपं ती भाऊबंदांसारखी ओळखायची. "ही सगळी एकाच घरची," ती म्हणे. "फूल मोडून बघा, एवढ्याशा बोंडात शंभर फुलं दाटीनं बसलेली. पण एका घरची म्हणून स्वभाव एक असतो होय?" मग ती त्यांची वाटणी सांगे. कापूस झुडूप शेळ्यांचं. उग्र वासाचा आल्स आणि राळ झुडूप माणसाच्या दुखण्याखुपण्याचं. आणि कडू झुडूप कुणाचंच नाही, तिथून शेळ्या हाकायच्या. गाभण शेळीनं शेवटी शेवटी ते खाल्लं की दूध बिघडतं. ते दूध पिऊन करडाला हगवण लागते, अंगावरचे केस झडतात आणि हिवाळ्याच्या वाऱ्यात ते उघडंबोडकं कुडकुडून मरतं.

त्या साली ऊमाला वास येईनासा झाला होता. गाभण शेळ्या एका सुनेच्या हाती द्यायच्या होत्या, आणि ज्या बाईच्या हाती गाभण शेळ्या तिला वस्ती विचारून चाले. ड्रीका लग्न झाल्यापासून ऊमाच्या मागे डोंगर चढत आली होती. झुडूप फुलावर आलं की ती लांबूनच नाव सांगे. पण थंडीत फुलं नसतात, शेळ्यांनी कुरतडलेली खुंटं सगळी सारखीच दिसतात. तिथं नाकच लागतं. आणि ही कालची पोरगी वाऱ्याकडे तोंड करून सांगायची, "ऊमा, त्या खडकामागं राळ झुडूप आहे."

ऊमा हसून मांडीवर थाप मारायची. ड्रीकासाठी तिनं अशी थाप कधी मारली नव्हती.

"नाक आहे की कुत्र्याचं?" ड्रीका एकदा म्हणाली.

"कुत्र्याला नावं सांगता येत नाहीत, सुस," ग्रीता हसत म्हणाली. थोरल्या जावेला ती सुस म्हणे, म्हणजे ताई. तिच्या हसण्यात काही वाकडं नव्हतं, हेच ड्रीकाला खुपलं.

ऊमानं जुन्या रीतीनं परीक्षा ठरवली. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, काडी तळहातावर चुरडायची आणि नाकाशी धरायची. त्या सकाळी ग्रीता सर्दीनं शिंकत उठली. ड्रीका स्वतः आल्स तोडायला गेली. ताजी पानं चोळून तिनं त्यांच्या गोळ्या केल्या. "घाल नाकपुड्यांत. मोकळं वाटेल."

"तू किती करतेस गं माझं," ग्रीता म्हणाली.

सर्दीवर आमच्याकडे हाच उपाय, त्यात कुणाला काही वावगं दिसलं नसतं. पण आल्स एकदा नाकात बसला की अर्धा दिवस जगात दुसरा वासच उरत नाही. हे ड्रीकाला माहीत होतं. ग्रीता खालच्या सपाटीवरची, तिकडे आल्स उगवत नाही.

परीक्षेत ड्रीका एका काडीला अडखळली, बाकीच्या तिनं बरोबर ओळखल्या. ग्रीतानं गोळ्या काढून टाकल्या आणि रुमाल बांधून घेतला. कडू झुडपाची काडी नाकाशी येताच ती खुशाल म्हणाली, "कापूस झुडूप."

ऊमाचा चेहरा पडला. "शेळ्या ड्रीकाच्या," ती म्हणाली. "धाकटी मदतीला जाईल."

मग दोघी शेळ्या घेऊन वरच्या तळावर गेल्या. झऱ्याजवळच्या उतारावर खुंटं दाट होती. पहिल्याच सकाळी ग्रीता थांबली. "सुस, इथं कडू आहे. वळवूया."

"परीक्षेत त्याला कापूस म्हणालीस, तेच ना?"

"तेव्हा नाक बंद होतं गं."

ड्रीकानं खाली वाकून एक खुंट चुरडलं. कडवट वाटलं आणि नाहीही वाटलं. ग्रीता नसती तर तिनं उगाच धोका नको म्हणून शेळ्या वळवल्या असत्या. पण आता वळवायच्या म्हणजे हिचं ऐकायचं. "चरू दे," ती म्हणाली. वेण्याची वेळ येईतो शेळ्या त्याच उतारावर चरल्या.

करडं चांगली टुणटुणीत जन्मली. ग्रीता रोज त्यांच्या शेपट्या उचलून बघायची आणि ड्रीका तिच्यावर खेकसायची. मग हगवण सुरू झाली. त्यापाठोपाठ अंगावरचे केस मुठीनं निघाले.

निरोप मिळताच ऊमा गाढवाच्या गाडीतून आली. एक करडू मांडीवर घेऊन तिनं त्याच्या उघड्या कातडीवरून बोट फिरवलं. "यांना आयांपासून तोडा. खालून दुसऱ्या शेळ्यांचं दूध आणा, पोत्यांत गुंडाळून ठेवा." मग तिनं मान वर केली. "हा उतार कुणी निवडला?"

ड्रीका शेळ्यांकडे बघू लागली. तेवढ्यात ग्रीता म्हणाली, "दोघींनी मिळून, ऊमा."

ऊमा तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत काय होतं ते ड्रीकानं ओळखलं. इतकी वर्षं ती त्याच नजरेसाठी झुरली होती. नाक ग्रीताचं, सासू तिची, आता मोठं मनही तिचंच. एवढं सगळं एकटीनं न्यावं? ड्रीकाला ते सोसवेना.

"दोघींनी नाही!" ती ओरडली. "हिनं वळवा म्हटलं होतं, मी नाही वळवल्या. आणि परीक्षेच्या सकाळी आल्स मीच दिला, मुद्दाम दिला. खोटं बोलून मला उपकारात घेऊ नकोस!"

ग्रीताचा हात नकळत नाकाकडे गेला.

ऊमानं करडू ड्रीकाच्या ओंजळीत ठेवलं. "हे धर. याला ऊब दे," ती म्हणाली. "शेळ्या ग्रीताच्या. तू कळपाच्या मागून चालायचंस, आणि ती वळ म्हणाली की वळायचंस."

निम्मी करडं मेली, निम्मी वाचली. वाचलेल्यांच्या अंगावर पुन्हा केस आले. ड्रीका कळपाच्या मागून चालली, वळ म्हटलं की वळली, पण ग्रीताशी चांगलं बोलायला तिला फार काळ लागला.

ऊमा सीना त्याच वर्षी सप्टेंबरात, थंडी सरून डोंगर फुलावर आलेला असताना, एका रविवारी सकाळी वारली.