उभी खाच

“खाच उभी ठेव गं. स्क्रू बसला की डोक्यावरची खाच देवळातल्या खांबासारखी सरळ दिसली पाहिजे. वाकडी दिसली तर समजायचं, मागून कुणाचा तरी हात लागलाय.”

हे सांगणारा नवरा जाऊन वर्षं लोटली होती. पण वहिनींनी शिडीवर चढून छताची फळी बाजूला सारली की त्याचा आवाज तिथे असायचाच, वळचणीला बसलेल्या चिमणीसारखा.

आज त्यांनी आत बॅटरी मारली आणि त्यांचा हात तिथेच थबकला. काल स्वतः बसवलेल्या क्लिपांपैकी दोन क्लिपांच्या स्क्रूंच्या खाचा तिरक्या होत्या.

शेजारच्या फळीवर प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्टीचे कापलेले तुकडे पडले होते.

वहिनींनी ते तुकडे मुठीत घेतले. वृद्धाश्रमाच्या या लांब बोळातून लाल केबल चालली होती. आग लागली तरी काही काळ तग धरणारी, भोंगा वाजता ठेवणारी केबल. तिला धरायला धातूचीच क्लिप लागते. प्लास्टिक आगीत सगळ्यांत आधी हात सोडतं, मग केबल लोंबते आणि धुरातून वाट काढणाऱ्याच्या गळ्यात अडकते. हे कामावरच्या सगळ्यांना माहीत होतं. बरोबर काम करणाऱ्या दिराला, भावोजींना, तर नक्कीच. आणि इथे त्या दोघांखेरीज शिडी चढणारं होतं तरी कोण?

“काय वहिनी, सापडलं का काही घबाड?” खालून आवाज आला. चाकांच्या खुर्चीतले आजोबा दिवसभर बोळात बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवत. सगळे त्यांना फौजदार म्हणत.

“धूळ आहे नुसती.”

“मग तुमचे दीर रोज ती धूळच चाटायला चढतात वाटतं. तुम्ही जेवायला गेलात की बोळाचं मधलं दार लोटून घेतात. मी म्हटलं, काय हो, तर म्हणाले, आजोबा, झोपा. मला! झोपा!”

ते बोलणं वहिनींच्या मनात कुसळासारखं रुतलं.

चहाच्या वेळी भावोजी नेहमीसारखेच होते. पेला उचलला, “आई गं” म्हणत लगेच खाली ठेवला. “निखारे घातलेत का यात?” वहिनी आपला पेला दोन्ही हातांत धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. भावोजींच्या खिशातून पांढऱ्या पट्ट्यांची टोकं डोकावत होती.

“भावोजी, पट्ट्या कशाला लागतात तुम्हाला?”

“असू द्याव्यात जवळ,” ते हसले. हसताना नजर मात्र चोरली.

म्हणजे यांना वेगळं व्हायचंय. माझं काम खिळखिळं करायचं, मग काम देणाऱ्या साहेबाला दाखवायचं, बघा, वहिनींचं आता जमत नाही. नवऱ्यामागे ज्याच्या खांद्याला खांदा लावून शिड्या चढल्या, तोच पायरी काढून घेतोय. वहिनी पुन्हा कामाला लागल्या. एरवी काम करताना त्यांच्या ओठांवर आपसूक ओळी यायच्या,

तार ओढते मी लाल
छताच्या गं पोटातून
निजलेल्या जीवासाठी
जाग ठेवते वरून

आज पहिल्या ओळीनंतर पुढची ओळ आलीच नाही.

दुपारी डबा घेऊन त्या बाहेर पडल्या, कोपऱ्यावर थांबल्या आणि चपला हातात घेऊन परत आल्या. फौजदारांनी खुर्चीतूनच डोळा मारून दार दाखवलं.

भावोजी शिडीवर होते. दातांत पांढरी पट्टी, हातात पेचकस.

“उतरा.”

पट्टी दातांतून गळून पडली. “वहिनी, तुमचं जेवण...”

“जेवण गेलं चुलीत! घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वासाच आधी फिरला. माझ्या पाठीमागे माझं काम उसवता? वेगळं व्हायचंय तर तोंडाने सांगायचं होतं. या म्हाताऱ्यांना पळता येत नाही हो भावोजी, आणि त्यांच्या डोक्यावर असला डाव?”

भावोजी खाली उतरले. कपाळ पुसून त्यांनी पेचकस वहिनींपुढे धरला.

“पुढच्या क्लिपांना माझा हात लागलेला नाही. तुम्ही सकाळी बसवल्यात. जरा फिरवून बघा.”

वहिनी तरातरा चढल्या. भावोजींनी हाताळलेल्या क्लिपेशेजारी एक बुजवलेलं भोक दिसलं. क्लिप बोटभर सरकवून नव्या भोकात पक्की केली होती. तोवर केबल लोंबू नये म्हणून पट्टीचा टेकू दिला होता, त्याचेच ते कापलेले तुकडे. सकाळची क्लिप त्याच्या पुढे होती. खाच उभी, लखलखीत. वहिनींनी पेचकस लावला. स्क्रू फिरला. आणखी फिरला. फिरतच राहिला. गरजेपेक्षा जास्त पिळलेल्या स्क्रूने आतलं काँक्रीट कुरतडून टाकलं होतं. पांढरी पूड त्यांच्या मनगटावर सांडली. त्याच्या पुढचाही तसाच. त्याच्याही पुढचा. सगळ्या खाचा शाळेतल्या मुलींसारख्या रांगेत सरळ उभ्या होत्या, आणि आतून एकाही स्क्रूने काँक्रीट धरलं नव्हतं.

खाली भावोजींनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मान खाली.

“तुम्हाला कळू नये म्हणून दादासारखी खाच उभी करून ठेवत होतो,” ते म्हणाले. “काल घाईत दोन राहिल्या. या फौजदारांनी जीव खाल्ला होता.”

“घ्या, आता माझ्यावर!” दारातून आजोबा म्हणाले, पण हळूच, आणि खुर्ची मागे वळवून निघून गेले.

वहिनी वरच बसून राहिल्या. त्यांनी आपली बोटं उजेडात धरली, अंगठ्याने एकेकाचं टोक दाबून पाहिलं. बाहेर कुणीतरी बादली सरकवली, कुणीतरी खोकलं.

“भावोजी,” त्या म्हणाल्या. आवाज छताच्या आतून आल्यासारखा लांबचा होता. “गेल्या थंडीपासून बोटांना काही कळत नाही. स्क्रू बसलाय की नुसताच फिरतोय, काहीच कळत नाही. खाच उभी दिसली की मी म्हणते, बसला.”