कपडे धुवून परत यावं

“अरे, हात काढा डोक्यावरून! बकरा आहे का मी?” थोरला हसत म्हणाला. निरोपाला दारात जमलेले सगळे कसनुसे हसले.

उद्या यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. आदल्या दिवशी घरात एकमेकांची क्षमा मागायची. धाकट्याची बायको पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “भावजी, चुकलंमाकलं माफ करा.” तिच्या सुनेच्या कडेवर तान्हं होतं, तिला बोलवेना. थोरल्यानं विसरून दोनदा गॅस उघडा ठेवला होता. तेव्हाच ठरलं, त्याला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. धाकटा बेकरीची व्हॅन चालवायचा, म्हणून सोडून यायचं काम आपसूक त्याच्याकडे आलं. तो नाही म्हणाला नव्हता.

व्हॅन निघाली. मागं पावांचे रिकामे ट्रे खुळखुळत होते. उन्हं कलली होती, आणि वितळल्यासारखा रस्ता पुढं पुढं वाहत होता.

थोरला जन्मभर प्रार्थनामंदिरात या दिवसाचा अध्याय वाचायचा. आता त्याच्या आठवणीतून माणसं निसटत, चष्मा निसटे, सकाळ-संध्याकाळ निसटे. तो अध्याय तेवढा जागच्या जागी होता.

“अहरोन याजकाची दोन पोरं नको तो विस्तव घेऊन देवापुढं गेली,” तो काचेबाहेर बघत म्हणाला. “जळून गेली. बाप गप्प राहिला. त्यानंतर देवानं त्याला हा दिवस सांगितला. सोनंनाणं उतरव, साधं तागाचं नेस, मगच पडद्याआड ये.”

“आणि बकरे?” धाकट्यानं विचारलं. लहानपणी अंथरुणात विचारायचा, तसंच.

“दोन. चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवाचा, एक रानाचा. रानातल्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांची सगळी पापं बोलून टाकायची, मग त्याला रानात सोडायचं.”

धाकट्याला आठवलं, बरणी फुटो, काच फुटो, “मी फोडली” म्हणत दादाच पुढं व्हायचा.

रस्त्याकडेला एक नळ होता. पलीकडच्या वळणावर वृद्धाश्रमाचं फाटक. धाकट्यानं व्हॅन थांबवली. चावी फिरवली, तरी हात तिच्यावरच राहिला.

“दादा, चल, परत जाऊ. मी बघीन सगळं.”

“आणि ते तान्हं?” थोरला हळूच म्हणाला. “विस्तव मीच नेला ना रे?”

म्हणजे त्याला ठाऊक होतं. धाकट्यानं बाहीनं डोळे पुसले.

“रडतोस काय, वेड्या! बकऱ्याला रान तरी मिळतं. त्याला रानात घेऊन गेलेल्या माणसाचं कुणी विचारतं का? पुस्तकात विचारलंय. त्यानं कपडे धुवावे, अंग धुवावं, मग छावणीत परत यावं. काढ शर्ट.”

“दादा, अरे, भर रस्त्यात…”

“काढ म्हणतो ना!”

धाकट्यानं शर्ट काढला. थोरल्यानं तो नळाखाली धरून चोळला. खिशातल्या पिठाचा चिकट गोळा झाला होता. तो त्यानं बोटानं खरवडून काढला. मग एक टोक याच्या हाती, एक त्याच्या, असा तो पिळला. त्यानं ओंजळभर पाणी भावाच्या पाठीवर ओतलं, ओला शर्ट त्याच्या अंगात घातला आणि स्वतःच्या हातानं बटणं लावली. सगळी एकेक काज चुकून.

“झालं. आता तू जा,” म्हणाला, आणि पिशवी उचलून फाटकाकडं चालू लागला. धाकटा मागोमाग गेला. आत शिरताना थोरल्यानं वळून पाहिलं नाही.

दिवे लागायच्या आत धाकटा घरी पोचला आणि बाहेरच्या पायरीवरच बसला.

“या ना आत,” बायको म्हणाली. “आणि हे काय, शर्ट ओला? बटणं बघा कशी लावलीत. थांबा, नीट लावते.”

“असू दे,” त्यानं तिचा हात धरला.

ती शेजारी टेकली. वारा सुटला होता. कॉलर वाळली, बाह्या वाळल्या. छातीपाशी तेवढी ओल राहिली होती. ती ओल तळव्यानं झाकून तो बसून राहिला.