उलटी शिकवणी

बेकरीच्या पहाटपाळीवरून घरी आलेल्या माणसाला एकच गोष्ट हवी असते, आणि ती गणित नक्कीच नसते. पण या बाबाच्या नशिबी दोन वर्षं तेच वाढून ठेवलेलं होतं. जग साखरझोपेत असताना हा भट्टीपुढे पावाचे ट्रे आतबाहेर करायचा, आणि जग जेवायला बसलं की कानामागे मैदा घेऊन तीन जिने चढून घरी यायचा. दार उघडलं की समोर मुंगी उभी. हातात खडू, पाठीमागे भिंतीवर फळा, आणि चेहऱ्यावर एवढा उत्साह की बघूनच माणसाला जांभई यावी.

मुंगी म्हणजे त्याची मुलगी, वय पंधरा. शाळेत असताना तिचं बोलणंच बंद पडलं होतं. आजारबिजार काही नाही. वर्गात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. शिक्षकांनी हात टेकले, डॉक्टरांनीही टेकले. शेवटी बाबा तिला घरी घेऊन आला. ‘मी बघतो तिचा अभ्यास,’ म्हणाला. बारावीत त्याचं गणित बरं होतं, आणि त्या बऱ्या गणिताचा त्याला भारी अभिमान होता.

मुंगीची आई इस्पितळात नर्स. भाबडेपणा तिला परवडण्यासारखा नव्हता. तिने तेव्हाच अट घातली : ‘मुंगी जे शिकेल ते तिने रोज तुम्हाला शिकवून दाखवायचं. ज्या दिवशी तुम्हाला कळेनासं होईल, त्या दिवशी ती परत शाळेत.’ घरात याला उलटी शिकवणी म्हणत. सकाळी मुंगी पुस्तकं घेऊन आपली आपण शिकायची, आणि दुपारी ती मास्तरीण, बाबा विद्यार्थी.

पहिलं वर्ष मजेत गेलं. मग मुंगी जी सुटली ती सुटलीच. बाबाचं बारावीचं गणित तिने कधी मागे टाकलं ते त्याला समजलंसुद्धा नाही. पुढे पुढे फळ्यावर आकडेच दिसेनात, नुसती अक्षरं. आकड्यांवाचून गणित म्हणजे मैद्यावाचून पाव, असं त्याला वाटे. पण सांगतो कोणाला? त्याने आपला तोडगा काढला. मुंगी थांबली की मान हलवायची. जरा जास्तच थांबली की ‘वा!’ म्हणायचं. डोळे मिटायला लागले की मांडीला चिमटा काढायचा. मांडी काळीनिळी झाली होती, पण मुलगी घरात होती आणि बोलत होती, तेवढ्यावर गडी खूश होता.

थकवा मात्र हाडांत उतरला होता. एका पहाटे त्याने रिकामे साचेच भट्टीत सरकवले, दार लावलं आणि पाव भाजण्याची वाट बघत बसला. बेकरीभर हसू झालं. तोही हसला, आणि मग हातपाय धुवायच्या मोरीपाशी जाऊन उगाचच बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

घरी शिकणाऱ्या मुलांची शिक्षण खात्याकडून वर्षातून एकदा चौकशी व्हायची. यंदा आलेल्या तपासनीस बाई स्वतःच इतक्या दमलेल्या होत्या की खुर्चीत बसल्या आणि आधी चपला काढून मोकळ्या झाल्या. आईने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. भाषा झाली, विज्ञान झालं, आणि बाई गणितावर आल्या.

‘वरच्या पातळीचं गणित करते म्हणता. रोज किती वेळ?’

‘चार तास,’ बाबा छाती फुगवून म्हणाला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. ‘चार? अहो, माझ्याकडची अशी मुलं तास-दीड तास करतात आणि खेळायला पळतात. चार तास लागत असतील तर एक तर तिला झेपत नाहीये, नाहीतर तुम्ही तिला राबवताय. मला तिला शाळेत पाठवा असंच लिहावं लागेल.’

आता काय बोलावं, एखादा तास कमी करून सांगावा का, अशी जुळवाजुळव बाबा करत होता, तोच मुंगी बोलली. परक्या माणसासमोर, कोणी न विचारता.

‘गणिताला एकच तास लागतो. बाकीचे तीन बाबाचे.’

‘म्हणजे गं?’

‘त्याला कळेल असं करायला वेळ लागतो ना. लिमिट आलं की मी कणीक फुगण्याचं उदाहरण शोधते. इंटिग्रेशनला पावाच्या स्लाइस केल्या. कधी कधी एका उदाहरणात अख्खी दुपार जाते.’ ती घुटमळली. ‘तरी त्याला कळत नाही. मला माहीत आहे. त्याने पकडावी म्हणून मी रोज एक चूक मुद्दाम करते. काल फळ्यावर सात बरोबर नऊ लिहिलं.’

‘मग?’

‘बाबा म्हणाला, वा!’

बाईंनी तोंडावर रुमाल धरला. आईने धरला नाही. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘म्हणजे रोज नुसती नंदीबैलासारखी मान हलवत होतात?’

बाबाला कुठे तोंड लपवावं कळेना. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, आणि तो कधीच संपला होता. ‘मुंगे, मला उन्हाळ्यापासून काही म्हणजे काही कळत नाही,’ तो म्हणाला. ‘पण तसं म्हटलं असतं तर तू शाळेत गेली असतीस, आणि परत गप्प झाली असतीस.’

‘आणि मी पण म्हणूनच आईला सांगितलं नाही,’ मुंगी म्हणाली.

‘मी काय राक्षसीण आहे का?’ आई म्हणाली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मुलगी सोपं करून करून दमली होती, नवरा जागून जागून दमला होता, आणि दोघांनाही धाक हिच्या एका अटीचा. तिला फार वाईट वाटलं.

तपासनीस बाईंनी चपला घातल्या. ‘तंत्रनिकेतनात दुपारी गणिताचा एक वर्ग भरतो,’ त्या मुंगीला म्हणाल्या. ‘मुलं तुझ्याहून मोठी आहेत, पण मोजकीच. त्यांना तुझी चूक दिसेल. तुलाही त्यांची दिसेल. जाशील?’

मुंगीने बाबाकडे पाहिलं. त्याला वाटलं, आपण आत्ता नुसतं ‘राहू दे’ म्हटलं तरी ही राहील. ते दोन शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते.

‘जा,’ तो म्हणाला.

सोमवारी तो तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. वाटेत ती चकार शब्द बोलली नाही. घरी येऊन तो आडवा झाला. खिडकीचा पडदा ओढलेला, घर शांत, उशी गार. दोन वर्षं ज्या झोपेसाठी जीव टाकला ती हक्काने समोर आली, तर हा छताकडे बघत पडलेला. ती कोपऱ्यात बसली असेल. कोणी काही विचारलं असेल आणि ही खाली मान घालून उभी असेल. आपणच हाताने नेऊन सोडली. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत त्याने सगळी दुपार घालवली.

जिन्यावर तिची पावलं वाजली तसा तो उठून दारात गेला.

‘बोललीस?’

‘भांडले,’ मुंगी म्हणाली. आवाज पार बसला होता. ‘एकाने सिद्धता मांडली, ती मधेच फसली होती. मी उठून सांगितलं. तो ऐकेना. मग मी फळ्यापाशीच गेले.’

बाबाने खुर्ची ओढली. ‘सांग, सांग. अगदी पहिल्यापासून सांग. नाही कळलं तर म्हणेन नाही कळलं.’

मुंगीने दप्तर खाली टाकलं आणि त्याच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकलं. ‘उद्या सांगू, बाबा? आज सगळं तिकडेच बोलून झालंय. तू झोप ना आता.’

‘बरं,’ तो म्हणाला, आणि आत जाऊन पुन्हा छताकडे बघत पडून राहिला.