बिनआवाजाची बावीस मिनिटं

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी राजाराम कासारेने सकाळचं रेकॉर्डिंग तपासायला घेतलं. चित्र स्वच्छ होतं. आवाज नव्हता.

त्याने आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली. हेडफोन काढून पुन्हा घातला. फाईल बंद करून पुन्हा उघडली. पडद्यावर डॉक्टरांचे ओठ हलत होते, समोरच्या बाईंचे ओठ हलत होते. मधेच बाई खोकत होत्या, पाणी पीत होत्या. बावीस मिनिटं, आणि त्यात एक अक्षर नाही.

कॉलरला लावायच्या माइकची डबी टेबलावर पडली होती. तिचं बटण बंद होतं.

परळच्या त्या रुग्णालयाच्या संशोधन विभागात राजाराम आठ महिन्यांपूर्वी लागला होता. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेऊ पाहणाऱ्या माणसाला डॉक्टर सगळं समजावून सांगतात, आणि मग तो माणूस हो किंवा नाही म्हणतो. तो सगळा प्रसंग कॅमेऱ्यात धरणं हे त्याचं काम. माणूस वयस्कर किंवा फार आजारी असला की नुसती सही पुरत नाही. त्याला खरोखर सांगितलं होतं आणि त्याला ते कळलं होतं, हे दिसावं लागतं आणि ऐकू यावं लागतं.

त्याआधी सव्वीस वर्षं तो लालबागच्या एका स्टुडिओसाठी लग्नं शूट करायचा. लग्नाच्या शूटिंगमध्ये आवाजाला काही किंमत नसते. मुलीची आई डोळे पुसत काय म्हणाली, नवरदेवाच्या मामाने कुणाला काय सुनावलं, त्या सगळ्यावर मागाहून सनई चढवायची. हेडफोन असायचा, पण गळ्यात. मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला, सवय राहिली. रुग्णालयातल्या जुन्या कॅमेऱ्याला माइक आतच होता म्हणून आठ महिने निभावलं. नवा कॅमेरा या सोमवारी आला, वेगळ्या माइकसकट. आज गुरुवार होता, आणि त्यावरचं हे पहिलंच रेकॉर्डिंग.

तो उठला आणि शेजारच्या खोलीत नूपुरकडे गेला. चाचण्यांची कागदपत्रं आणि वेळापत्रक सांभाळणारी ही मुलगी डबा खात होती.

"नूपुर मॅडम, लोचा झालाय. सकाळचा आवाजच नाय आला."

"गुप्ते आजींचा?"

"हां."

नूपुरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चाचणी सोमवारी सुरू होणार होती. देशातल्या अकरा रुग्णालयांत मिळून मोजक्या जागा होत्या. परळच्या वाट्याला नऊ आल्या, त्यांतल्या आठ भरल्या होत्या. नववी नलिनी गुप्ते यांची. औषध कंपनीची यादी संध्याकाळी पाचला बंद होणार होती, आणि रेकॉर्डिंग धड नसेल तर यादीत नाव चढवता येत नव्हतं.

"सही आहे ना त्यांची, काका," नूपुर हळू आवाजात म्हणाली. "तारीख आहे, वेळ आहे. फाईल काय कोण रोज उघडून बघतं?" मग तिने डब्याचं झाकण लावलं. "नाही. मी बोललेच नाही असं समजा. वैदेही मॅडमना सांगू या."

डॉ. वैदेही या चाचणीच्या प्रमुख. त्यांनी आवाज चढवला नाही, याचंच राजारामला जास्त वाईट वाटलं. "लावा बघू," एवढंच म्हणाल्या.

तिघं उभ्याउभ्याच ते मुकं चित्र बघू लागले. डॉक्टर काहीतरी विचारत होत्या. उत्तर देण्याआधी गुप्तेबाई मान किंचित उजवीकडे वळवत होत्या, मग बोलत होत्या. पुढचा प्रश्न. पुन्हा उजवीकडे. राजारामला आठवलं, उजवीकडे त्यांचा मुलगा बसला होता, उन्मेष. नातेवाइकाचा चेहरा चित्रात घ्यायचा नसतो, म्हणून त्याचा खांदा तेवढा येत होता.

"मागे घ्या जरा," डॉक्टर म्हणाल्या.

राजारामने मागे घेतलं. प्रश्न, उजवीकडे, उत्तर. आठ प्रश्न, आठही वेळा. शेवटच्या प्रश्नाला बाईंचे ओठ हललेच नाहीत. त्यांनी मान हलवली, आणि उन्मेषचा खांदा तेवढा पुढे झुकला.

"हे शेवटचं हो कोण म्हणालं?" वैदेहींनी विचारलं.

कुणालाच आठवेना.

"मी समोर बसले होते," त्या म्हणाल्या. "हातभर अंतरावर."

"आवाज असला की माणूस तोंडाकडे बघतो, मॅडम, मानेकडे नाय," राजाराम म्हणाला. आज त्याने कुणाला काही शिकवायचा दिवस नव्हता.

वैदेहींनी गुप्तेबाईंना फोन लावला, आजच परत यावं लागेल म्हणाल्या. पलीकडून खोकल्याची एक लांबलचक उबळ, आणि मग वाक्य आलं. "डॉक्टर, आत्ता तर चढले हो मी."

"मी घेऊन येतो त्यांना," राजाराम म्हणाला.

फणसवाडीतली चाळ तीन मजल्यांची. जिन्यातल्या एक आड एक वळणावर स्टूल होतं, भिंतीला चिकटवलेलं. वर कागद डकवलेला: 'हे स्टूल हलवू नये. – गुप्ते, खोली ३१.' राजाराम तिसऱ्या स्टुलापर्यंत पोचला तेव्हा त्यालाच धाप लागली होती. या बाईंची फुप्फुसं दोन वर्षांपासून कडक होत चालली होती. चालू गोळ्यांनी तो वेग थोडा कमी होतो, थांबत नाही. नवं औषध तो थांबवेल का, हेच तर सोमवारपासून बघायचं होतं. आणि आपल्या एका बटणापायी बाईंना हे सहा वळसे आज दुसऱ्यांदा उतरायला आणि दुसऱ्यांदा चढायला लागणार होते.

नलू गुप्ते दारातच उभ्या होत्या, साडी बदलून. बहात्तर वर्षांच्या, शिडशिडीत, हातात पर्स.

"तुम्ही कॅमेऱ्यावाले ना? सकाळी कॅमेऱ्याआड होतं तोंड तुमचं."

"काकी, चूक माझी आहे. माइक चालू करायचा राहिला. डॉक्टरांची काही चूक नाय त्यात."

"नाव काय तुमचं?"

"राजाराम कासारे."

"कासारे, एकतीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढली मी. चूक झाली असं स्वतः होऊन सांगायला माणूस जिना चढून आलेला मी पाहिला नाही. धरा ही पर्स."

खाली उतरायला पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक स्टुलावर त्या बसल्या आणि दम परत येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मधल्या स्टुलावर शेजारची बाई डोकावली. "नलूताई, परत? सकाळीच गेला होतात ना?"

नलूताईंनी राजारामकडे बोट दाखवलं. "याला विचार."

टॅक्सीत त्यांनी काच खाली केली. गाडी उड्डाणपुलावर चढल्यावर त्यांना बोलण्याइतका श्वास आला.

"आधी काय करायचात?"

"लग्नं. शूटिंग."

"उन्मेषच्या लग्नाची सीडी आहे आमच्याकडे. बावीस वर्षं झाली. त्यात एके ठिकाणी मी ह्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगते आहे. हे हसताहेत. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी काय सांगत होते ते काही केल्या आठवत नाही. वर सनई वाजते आहे."

राजाराम खिडकीबाहेर बघत राहिला. "आम्ही सगळे सनईच लावायचो, काकी."

"अहो, तुम्ही नसाल ते."

"मी नसेन. पण लावली असती."

त्या हसल्या, त्याचा खोकला झाला, आणि भायखळा येईपर्यंत टॅक्सीवाला आरशातून बघत राहिला.

तीन वाजून पंचावन्न मिनिटांनी त्या पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. उन्मेष गोरेगावच्या ऑफिसात पोचला होता. त्याने फोनवर आईला सांगितलं, "अगं, सकाळचंच परत म्हणून ये. आणि पाचच्या आत आटप, लास्ट सीट आहे."

राजारामने त्यांच्या पदराजवळ माइक लावला, डबीचं बटण दोनदा तपासलं, हेडफोन कानावर घेतला. आणि तो दचकला. बाईंचा श्वास ऐकू येत होता. कोरड्या पानांवरून कुणीतरी हळू चालावं तसा, प्रत्येक श्वासाच्या शेवटी. सकाळी हा श्वास त्याच्यापासून सहा फुटांवर होता.

डॉ. वैदेहींनी पहिल्यापासून सुरुवात केली. हे औषध अजून बाजारात नाही. आधी थोड्या लोकांना देऊन ते कितपत सुरक्षित आहे हे पाहिलं आहे. उपयोग किती होतो, हे आता जास्त लोकांना देऊन पाहायचं आहे. निम्म्या लोकांना औषध मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी गोळी, जिच्यात औषध नाही. चालू असलेल्या गोळ्या कुणाच्याच बंद होणार नाहीत. जुलाब होऊ शकतात, यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्त तपासत राहू. वर्षभरात चौदा वेळा यावं लागेल.

"आता तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा."

बाईंची मान सवयीने उजवीकडे गेली. तिथे कुणी नव्हतं. मान परत समोर आली.

"एक डबा मला, एक आणखी कुणाला तरी," त्या म्हणाल्या. "एकात औषध आहे, एकात नाही. कुठल्या डब्यात काय ते मला ठाऊक नाही."

"बरोबर."

"तुम्हाला?"

"मलाही नाही. शेवटपर्यंत नाही."

"हे सकाळी सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं."

"मग मी ऐकलं नाही. मी उन्मेषचं तोंड बघत होते. तो रात्ररात्र मोबाइलवर हेच वाचतो. त्याला वाटतं, हे औषध म्हणजे मी बरी झालेच." त्या थांबल्या. हेडफोनमध्ये ती कोरडी पानं वाजली. "मधेच सोडलं तर?"

"केव्हाही सोडता येईल. कारण सांगायची गरज नाही. तुमचे उपचार इथेच चालू राहतील."

"तुम्ही रागावाल?"

"नाही."

"चौदा वेळा, म्हणजे चौदा वेळा उतरायचं आणि चौदा वेळा चढायचं. आणि कदाचित नुसत्या गोळीसाठी."

"कदाचित. हो."

"पण ती नुसती गोळीही कुणीतरी घ्यायलाच हवी, त्याशिवाय तुम्हाला कळणार कसं."

"हो."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. लग्नात नवरी गोंधळली की कॅमेऱ्यामागून तो अंगठा वर करायचा, मान डोलवायचा, हसून दाखवायचा, की नवरी हसायची. आत्ताही त्याची मान डोलायच्या बेतात होती. हो म्हणा, काकी. एकदा हो म्हणा, पाचच्या आत नाव चढेल, आणि माझ्या बटणापायी तुमची जागा गेली असं होणार नाही.

नलूताईंनी नेमकं तेव्हाच वर पाहिलं, कॅमेऱ्याच्या भिंगाच्या जरा वर, त्याच्याकडे.

राजारामने डावा हात खिशात घातला आणि नजर पडद्यावर खाली आणली.

"एकतीस वर्षं," बाई म्हणाल्या, "मी काउंटरच्या पलीकडच्या माणसाला सांगत आले, वाचल्याशिवाय सही करू नका. घरी न्या, शांतपणे वाचा, उद्या या. आज सकाळी माझ्यासमोर चौदा पानं होती आणि मी शेवटचं पान उघडून सही केली." त्यांनी टेबलावरचं संमतिपत्र ओढून घेतलं. "हे मी घरी नेते. आज वाचते. उद्या अकराला येऊन सांगते, काय ते."

"न्या," वैदेही म्हणाल्या. "तुमचा हक्कच आहे तो."

"पाचला दार बंद होतं ना पण?"

"हो. कंपनीवाले थांबतील का म्हणून मी विचारेन. थांबतीलच असं सांगता येत नाही. जागा जाऊ शकते."

"जाऊ दे मग, गेली तर," बाई म्हणाल्या. बोलताना त्यांचा हात कागदांवर घट्ट होता, आणि श्वास वेगाने चालला होता. तो फक्त राजारामला ऐकू येत होता.

रेकॉर्डिंग चार वाजून सव्वीस मिनिटांनी थांबलं. नूपुरने फाईलवर लिहिलं: 'विचारासाठी वेळ मागितला.' सकाळची मुकी फाईल खोडायची नसते. त्या फाईलच्या नोंदीपुढे राजारामने स्वतःच्या हाताने कारण लिहून खाली सही केली. चार वाजून चौतीस मिनिटांनी नूपुरने कंपनीला मेल पाठवला, की नववी जागा उद्या दुपारपर्यंत ठेवावी. पाच वाजले. उत्तर आलं नव्हतं.

राजारामने बाईंना टॅक्सीने फणसवाडीला सोडलं आणि पर्स घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत मागून चढला. दारात त्यांनी विचारलं, "उद्या ती डबी चालू ठेवाल ना?"

"ठेवीन, काकी."

"काय सांगायचं ते मला त्यातच सांगायचंय. उन्मेषला मागाहून ऐकू दे."

शुक्रवारी सकाळी राजाराम नऊलाच आला. माइकचे सेल नवे घातले. उजवीकडची खुर्ची उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवली. यादीत नवव्या क्रमांकापुढे अजून रेघच होती. जागा गेली असंही कुठे लिहिलं नव्हतं, आहे असंही नव्हतं. नूपुर दर पाच मिनिटांनी मेल बघत होती.

दहा वाजून दहा मिनिटांनी राजारामच्या मोबाइलवर फोन आला. पलीकडे आधी नुसता श्वास होता. त्याने तो ओळखला आणि थांबून राहिला.

"कासारे," थोड्या वेळाने नलूताई म्हणाल्या, "सगळी पानं वाचून झाली. निघाले आहे. मधल्या स्टुलावर बसले आहे."

"बसा, काकी. सावकाश या."

त्यांनी काय ठरवलं, ते त्याने विचारलं नाही. फोन त्यांनी बंद केला नव्हता. राजाराम तो कानाशी धरून तसाच उभा राहिला, त्या पुन्हा उठेपर्यंत.