दरवाजाएवढा पिवळा तुकडा

कुठल्याही गोष्टीला आधी ‘नको’ म्हणायची दादाला खोडच होती. गच्चीवर पत्रे घालू? नको. गळका नळ बदलू? नको, अजून चालतोय. त्यामुळे धाकट्या भावाने, म्हणजे छोट्याने, कुंपणापाशी येऊन लॉनचं काम काढतोय असं सांगितलं आणि दादा ‘नको’ म्हणाला, तेव्हा छोट्या नुसता हसला. पन्नाशी उलटून डोक्याचं मैदान झालं, तरी घरात तो अजून छोट्याच होता.

“लॉन राहिलंय कुठे त्यात?” छोट्या म्हणाला. “अर्धं तण, अर्धं टक्कल. परवा नात पहिल्यांदाच चार पावलं चालली आणि खड्ड्यात पाय जाऊन तोंडावर आपटली. सगळं खणून, सपाट करून नव्याने पेरतो.”

“पोरं पडतातच. नको त्या भानगडीत पडू.”

“तुझं आपलं काहीतरीच.”

छोट्या गेला. दादा मात्र कुंपणाचा खांब धरून तिथेच उभा राहिला. का, ते त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं.

आता ते तुम्हालाही सांगून टाकतो, लपवाछपवी दादाने केली तेवढी पुरे झाली. वडिलांच्या आवाराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मागची मोकळी जागा छोट्याकडे गेली. तिथे पूर्वी संडासाची टाकी होती, चांगली दीड पुरुष खोल. रस्त्याखालून ड्रेनेजची लाइन आली आणि टाकी निकामी झाली. वडील तेव्हा हॉस्पिटलात होते. त्यांनी दादाला बजावलं होतं, वरचा स्लॅब फोड, आत दगडविटांचा भराव घाल, मगच माती टाक. दादाने स्लॅब फोडून घेतला. भराव आणणारा ट्रकवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. इकडे आवारात भगदाड उघडं, घरात लहान पोरं, त्यात हॉस्पिटलच्या खेपा. शेवटी वैतागून, बाकी सगळे हॉस्पिटलात असताना, दादाने स्वयंपाकघराचा काढून ठेवलेला जुना निळा दरवाजा भगदाडावर आडवा घातला, त्यावर पत्रे आणि पत्र्यांवर माती. तात्पुरतं, म्हणून. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, “भरली का टाकी?” थकलेला दादा म्हणाला, “भरली.” दुसऱ्या दिवशी वडील गेले.

झालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, थोरल्याने टाकी भरली हे ऐकूनच त्यांचा जीव शांत झाला. आता यावर दादा कुठल्या तोंडाने खरं सांगणार? आधी लाज वाटली, मग पुढच्या महिन्यात गुपचूप भरू असं ठरलं, मग गवत उगवलं आणि सगळंच झाकलं गेलं. वेळ मारून नेणाऱ्या माणसाचं असंच होतं. एकदा निभावलं की त्याला वाटतं, कायमचं निभावलं.

पण गवत काही दादाच्या बाजूचं नव्हतं. उन्हाळा आला की टाकीवरचा तेवढा तुकडा पिवळा पडायचा, अगदी दरवाजाएवढा, चारी कोपरे जागच्या जागी. पोरं तिकडे खेळायला गेली की दादा खिडकीतून खेकसायचा, गवत खराब होतं, चला तिकडे. पोरांनी त्याचं नाव गवताचा वॉचमन ठेवलं होतं. बिचाऱ्याने वॉचमनगिरी मात्र इमानेइतबारे केली.

छोट्याने काम सुरू केलं. सुट्टीच्या दिवशी खुरपं घेऊन तो लव्हाळ्याच्या गाठी मुळासकट उपटत बसायचा. मग कुदळीने उंचवटे फोडले, दाताळ्याने खडे वेचले, लांब फळी जमिनीवर ठेवून कुठे खड्डा, कुठे फुगवटा बघितलं. पिवळ्या तुकड्यापाशी येऊन तो म्हणाला, “इथे गवत का धरत नाही, आलं माझ्या लक्षात. खाली तुझा दगडांचा भराव आहे ना, मुळांना माती कमी पडते. शिवाय जमीन खचलीय. वर भरपूर माती टाकतो.”

“माती नको,” दादा म्हणाला.

“का?”

“पाणी साचेल.”

“खचलीय तिथे साचेल का भरली तिथे साचेल?” छोट्या हसत म्हणाला आणि त्याने ढकलगाडी उलटी केली. दादा बघत राहिला. प्रत्येक गाडी त्याच्याच छातीवर रिकामी होत होती.

आज सांगायचंच, असं ठरवून संध्याकाळी तो छोट्याच्या घरी गेला. बाथरूमच्या आरशासमोर त्याने वाक्य घोकलंसुद्धा होतं. छोट्या, टाकी रिकामी आहे. एवढंच तर म्हणायचं होतं. दार छोट्याच्या बायकोने उघडलं. तिने चहा ठेवला आणि जरा ओशाळून म्हणाली, “दादा, रागावू नका हं. नात आता तिकडे पळणार, म्हणून मी यांना म्हटलं होतं, ती टाकीची जागा एकदा उकरून बघू या. तर माझ्यावर केवढे चिडले. म्हणाले, दादाने बाबांना शब्द दिलाय, तू दादावर संशय घेतेस?”

हीच वेळ होती. घे गं, उकर, माझं चुकलं, एवढं म्हणायचा अवकाश होता. दादाने बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

“छे छे,” तो म्हणाला, “त्यात काय रागवायचं.”

आणि उठला. काय म्हणावं अशा माणसाला? मला तर त्याचा संताप येतो, आणि कीवही येते. घरी जाताना त्याला रडू येत होतं.

पुढच्या रविवारी छोट्याने मैदानावरचा लोखंडी रोलर आणला, दोघांनी ओढावा असा जडशीळ. तो बघून दादाची पाचावर धारण बसली. चपला न घालताच तो कुंपणाच्या फाटकातून आत आला.

“आण इकडे, मी फिरवतो,” तो म्हणाला.

छोट्या बघतच राहिला. “तू?”

“का, मला येत नाही? तू बस पायरीवर.”

वाटण्या झाल्यापासून दोघा भावांनी मिळून एक खिळासुद्धा ठोकला नव्हता. छोट्याला इतका आनंद झाला की त्याने आत ओरडून दादासाठी चहा टाकायला सांगितला. “बाबा असते ना, तर त्यांना फार बरं वाटलं असतं,” तो म्हणाला. दादाने मान खाली घालून रोलर ओढला. कडेकडेने फिरवला, मधून फिरवला, तो तुकडा चुकवून वळसे घातले. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला, पण जिवाला जरा स्वस्थ वाटायला लागलं. आजचा दिवस निभावला, असं त्याच्या मनात आलं.

“दादा, मधला तुकडा राहिला.”

“तिथे नको.”

“अरे, सगळी नवी माती तिथेच आहे. तिथेच तर दाबायला हवी.”

दादाने दांडा घट्ट धरला. “छोट्या,” तो म्हणाला, “तिथे खाली ती टाकी आहे.”

एवढं तरी निघालं तोंडातून.

“माहीत आहे की,” छोट्या म्हणाला. “तूच भरलीस ना? मग कशाला घाबरतोस?” त्याने दादाच्या हातातून दांडा घेतला. त्याच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेशही नव्हता.

तेवढ्यात एक श्वास घेण्याइतका वेळ होता. दादाने तो घेतला आणि सोडला. छोट्या पाठमोरा तुकड्यावर गेला, जमीन टिकली. मागून रोलर वर चढला. कुजलेलं लाकूड मोडताना फार मोठा आवाजही झाला नाही. रोलर गेला आणि दांड्याबरोबर छोट्याही गेला.

दादा काठाशी पालथा पडून हाका मारत राहिला. खालून एकदाच “दादा” असं ऐकू आलं. शेजाऱ्यांनी दोर आणला, पण आत वायू साठला असेल म्हणून उतरायला कोणी धजेना. फायर ब्रिगेडची माणसं तोंडाला मास्क लावून उतरली. त्यांनी छोट्याला वर काढलं आणि नव्या मातीवर निजवलं, तेव्हा कोणालाच घाई उरली नव्हती. त्यांनी टाकीतून पत्रे काढले, मग दरवाजाचा मोडका अर्धा भाग काढून भिंतीला टेकवून ठेवला.

छोट्याच्या बायकोने नवऱ्याच्या तोंडावरची घाण पदराने पुसली. मग ती दादाकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता, चहा घेणार का विचारताना असायचा तसा.

“दादा, टाकी भरली होती ना?”

सगळे बघत होते. शेजारी बघत होते, फायर ब्रिगेडची माणसं बघत होती. दादाचे ओठ हलले.

“भरली होती,” तो म्हणाला.

तिने भिंतीकडे बघितलं. चिखलाखालून निळा रंग दिसत होता आणि कडी अजून जागेवर होती. नवी सून म्हणून आली तेव्हापासून सासूबाईंच्या स्वयंपाकघराची ती कडी तिने रोज लावली होती.