रुमाल टाकलेली जागा

सकाळी आइसलंडच्या गरम पाण्याच्या कारंज्यापाशी उपमा खाऊन बस निघाली आणि दहा मिनिटांत बोलिव्हियाच्या मिठाच्या मैदानात येऊन थांबली, याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती एकट्या शरयू टिपणिसांची, आणि तीही सीटबद्दल.

सहलीचा नियम असा, की रोज एक रांग मागे सरकायचं. सगळ्यांना पुढची काच मिळायला हवी ना! पण मग दहाव्या, शेवटच्या रांगेतली माणसं दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत यायला नकोत? ती यायचीच नाहीत. तिथे भलतीच माणसं बसलेली असायची आणि टूर मॅनेजर केदार डोकी मोजून म्हणायचा, "चाळीस. सगळे आले. चला!"

काल शेवटच्या रांगेत सबनीस नवरा-बायको होती. आज मिठाच्या मैदानात दोन उंचवटे शेजारी शेजारी उभे होते आणि एकाच्या पायथ्याशी सबनीसबाईंची चप्पल होती. शरयूने ती उचलून केदारच्या नाकासमोर धरली.

"काकू, निसर्गाचा चमत्कार आहे तो," केदार म्हणाला. "तिथल्या वस्तू हलवू नका."

तिचे यजमान अच्युतराव मात्र खुशीत होते. चौतीस वर्षं भूगोल शिकवला, जगभरचे धबधबे खडूने फळ्यावर काढले, पण त्यातला एकही पाहिला नव्हता. आता बघावं तिथे "अहाहा!" चाललेलं. या अहाहापायी हा माणूस हातचा जाणार, असं शरयूला वाटायला लागलं.

"अहो, उद्या आपली शेवटची रांग. आजारी पडू या."

"आजारी? उद्या इग्वाझूचा धबधबा आहे, शरयू!"

"मला त्या केदारचा भरवसा वाटत नाही."

"चांगला आहे गं तो." त्यांनी तिच्याकडे न बघताच घराची किल्ली पुढे केली. "ही तुझ्याकडे ठेव. माझ्या खिशाला भोक पडलंय."

तिने लगेच त्यांच्या खिशात हात घालून पाहिला. भोकबीक काही नव्हतं. खिसा गार पाण्याने काठोकाठ भरला होता.

दुसऱ्या दिवशी ते नाश्त्यावरून आधीच उठून गेले. शरयू धावत बसमध्ये चढली. पहिल्या रांगेत खिडकीच्या सीटवर त्यांचा निळ्या चौकटीचा रुमाल टाकलेला होता. लग्न झाल्यापासून एस.टी.च्या खिडकीतून असाच रुमाल टाकून ते तिची जागा धरायचे. पण दर वेळी शेजारी स्वतः बसायचे.

"हे कुठे आहेत?"

"काका मागे बसलेत," केदार म्हणाला. "एकटाच बसतो म्हणाले. तुम्ही पुढे बसा काकू, छान काच मिळालीय."

"मोठे आले शहाणे! मला न विचारता?" रुमाल मुठीत धरून ती तरातरा मागे निघाली. तिला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

दहा रांगा झाल्या. मग अकरावी आली, बारावी आली. लोक पाय आत घेऊन तिला वाट देत होते. सोळाव्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "अजून बरंच मागे, ताई."

लांबून पाण्याचा घनघोर आवाज येत होता आणि त्यातून अच्युतरावांची हाक आली, "अगं, तिथेच बस! तिथून चांगलं दिसेल!"

रुमालातून पाणी गळायला लागलं होतं. शरयूने तो पिळला, ओढणी कमरेला खोचली आणि पुढची रांग मोजली. तेवीस.